धुऱ्यावरचं जनावर

तिगावच्या बापूजी कामड्यांचा वहम त्यांच्या आधी उठायचा. वहम म्हणजे संशय; पण संशय हा आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे कोर्टातला शब्द, घरात वहमच चालतो. सत्यनारायणाला बसले की बापूजी पोथीत बोट घालून बसत, न जाणो भटजींनी एखादा अध्याय गाळला तर! बगीच्यातल्या पाण्याच्या मोटारीचा फ्यूज रोज संध्याकाळी काढून खिशात घालून घरी आणत. पुतण्याच्या वरातीत त्यांनी बँडवाल्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती, आणि ती हातात पडेपर्यंत घोड्याचा लगाम सोडला नव्हता. एवढं करून त्यांना आजवर कोणी फसवलं होतं का? छे हो! फसवायला माणूस जवळ तर यायला पाहिजे.

त्यांची बायको देवकाबाई म्हणायची, "तुमच्या वहमाले अख्ख्या पांढुर्ण्यात औषध नाही." चव्वेचाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. या वर्षांत तिनं एक सवय लावून घेतली होती: अर्ध्या गोष्टी नवऱ्याला सांगायच्याच नाहीत. बापूजींना तिच्या या सवयीचाही वहम होता, पण पुरावा सापडत नव्हता.

त्या साली नागपंचमी झाली होती, पोळा यायचा होता, आणि दमट हवेनं कोठीतल्या गव्हात सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, पडले.

"अवो, गहू पीठ होऊन राहिला," देवकाबाई म्हणाली. "पांढुर्ण्याले जाता त कोठीत टाकाच्या गोळ्या आना."

"आनतो. पन तो दुकानदार मांगच्या सालच्या गोळ्या खपवते. आधी त्याचं लायसन पाह्यतो."

"गोळ्या आना म्हटलं, लायसन नाही."

बापूजींनी दुकानदाराशी भांडण तेवढं केलं आणि रिकाम्या हातानं परतले. देवकाबाईनं तो विषय पुन्हा काढला नाही. बापूजींना वाटलं, विसरली असेल.

आता जनावराचं सांगतो. कामड्यांच्या घरात साप हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे, जनावरच म्हणायचं. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. बापूजींच्या संत्र्याच्या बगीच्याला नाल्याच्या अंगानं दगडी धुरा होता, आणि त्या दगडांत एक जनावर राहायचं. बोटाएवढं बारीक, दीड हात लांब, रंगानं काळपट, आणि पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत पिवळसर पट्टा. बापूजींच्या वडिलांनी जाताना सांगितलं होतं, "धुऱ्यावरचं जनावर जाऊ देऊ नोको. ते आपलं राखनदार हाय." ते जनावर संत्र्याच्या झाडावर चढून बुलबुलाच्या घरट्यातलं अंडं सबंध गिळायचं, आणि बापूजी खाली उभे राहून कौतुकानं पाहायचे. "खाय बाप्पा," म्हणायचे, "तू समोरासमोर त खाते!" साऱ्या दुनियेत बापूजींना ज्याच्यावर वहम नव्हता असा तो एवढा एकच जीव होता.

शेजारच्या उर्मिलानं एकदा त्याचा मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो फिरत फिरत कुठल्या कुठे गेला, आणि एका सकाळी बापूजींच्या दारात जीप थांबली. खाली उतरली एक तिशीतली पोरगी, पायात गुडघ्याएवढे बूट. मागून तिचा ड्रायव्हर वीरेंद्र एक जाडजूड डबा सांभाळत उतरला.

"आबाजी, मी हिमानी. सौंसरचीच आहे, केशवराव मास्तरांची नात. सापांवर संशोधन करते."

केशवराव मास्तरांचं नाव ऐकून दुसऱ्या कोणी पाट मांडला असता. बापूजींना आठवलं की सातवीत मास्तरांनी त्यांना गणितात दोन मार्क कमी दिले होते.

"आधारची झेरॉक्स हाय?" त्यांनी विचारलं.

पोरगी हसली. झेरॉक्स नव्हती. तिनं वनखात्याचं पत्र दाखवलं, ते बापूजींनी दोनदा वाचलं, उजेडात धरून शिक्का पाहिला, आणि मग वहीच्या कागदावर तिचं नाव, गाव, फोन नंबर लिहून घेऊन खाली सही करवली. देवकाबाईनं कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला आत गेली.

चहा पिता पिता हिमानीनं सांगितलं ते असं. हा साप फार दुर्मीळ, फक्त पाखरांची अंडी खातो, दात नावापुरते. त्याचा जिनोम वाचायचा आहे. "प्रत्येक जिवाच्या रक्तात एक लांब धागा असतो, आबाजी. हा जीव कसा घडवायचा ते सगळं त्या धाग्यावर ओळीनं लिहिलेलं असतं. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचा. मग याचे दात कसे गेले, ही जात किती उरली, सगळं कळतं. चार थेंब रक्त पुरे. फक्त ते गरमीत राहिलं की धागा तुटतो, म्हणून हा थंड डबा."

"लांब धागा पाह्यजे म्हनता?"

"हो. जितका लांब तितका चांगला."

बापूजींनी मान डोलावली, पण आत पाल चुकचुकली. जन्म कापसात गेलेला माणूस! लांब धाग्याच्या कापसाला भाव जास्त, हे त्यांना काय शिकवायचं? म्हणजे यातही भाव आहे. उगीच कोणी केशवराव मास्तरची नात दीड हाताच्या जनावरासाठी चिखल तुडवत येत नाही.

तरी त्यांनी धुरा दाखवला, कारण देवकाबाई मागे उभी राहून डोळे वटारत होती. चौथ्या दगडाखाली जनावर निघालं. हिमानीनं ते असं अलगद उचललं की बापूजींना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, हात चांगला आहे. शेपटीखाली बारीक सुई गेली, चार थेंब नळीत आले, नळी डब्यात गेली आणि वीरेंद्र जीप घेऊन स्टेशनकडे पळाला. जनावर तिनं पांढऱ्या कापडी पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं, पिशवी भोकाच्या झाकणाच्या बादलीत ठेवली.

"रक्त नीट पोचलं का ते उद्या दुपारपर्यंत नागपूरहून कळेल. नसलं तर आणखी दोन थेंब लागतील. नीट असलं तर लगेच त्याच दगडाखाली सोडू. लॉजवर नेला तर लोक गर्दी करतात, साप घाबरतो." आणि तिनं बादली बापूजींच्या हातात दिली. "एक रात्र तुमच्याकडे ठेवते. तुमच्याच घरचा आहे."

दुसऱ्याला हे ऐकून बरं वाटलं असतं. बापूजींचा वहम मात्र ताडकन उभा राहिला. आपल्याच हातात का दिली? उद्या बादली रिकामी निघाली म्हणजे? नाव कोणाचं येईल? हिच्याजवळ वनखात्याचं पत्र. आपल्याजवळ काय, तर वहीचा कागद!

दुपारी ते तिगाव स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथं त्यांचे मित्र पुंडलिकराव बसले होते. बापूजींना वहम एकटा आला तर पुंडलिकराव त्याला सोबती जोडून देत.

"अरे बापू, दुतोंड्या जनावराले शहरात किती भाव हाय मालूम हाय का? तुह्यावालं त त्याहून दुर्मीळ! अन् त्याच्या सात पिढ्या वाचून काढल्या, अन् निघालं का ते तुह्या आजाच्या आधीपासून अठी राह्यते, मंग बगीच्याचा खसरा कोनाच्या नावावर चढन? तुह्या का त्याच्या?"

खसरा म्हणजे आमच्याकडचा सातबारा. पुंडलिकराव स्वतःच खो खो हसले. बापूजी हसले नाहीत. कारण पलीकडे, लिंबाखाली, वीरेंद्र फोनवर बोलत होता आणि बापूजींचे कान त्याच्याकडे होते.

"डब्बा तयार ठेव. हाव, माल गाडीत चढवला. कोनाले सांगू नको बे, लोक जमा होते. दुसरा माल लागला त उद्या संध्याकाळी नेतो."

दुसरा माल! बापूजींचा चहा तसाच राहिला. चार थेंब रक्त काढून पाहिलं, माल असली निघाला, आता उद्या जनावरच उचलणार. बाप्पा बाप्पा! कशी गोड बोलत होती पोट्टी, 'तुमच्याच घरचा आहे'!

घरी येईस्तोवर त्यांचं ठरलं होतं. दिवेलागणीला देवकाबाई उर्मिलाकडे गेली होती. बापूजींनी बादलीतून पिशवी काढली. आतलं जनावर हललं तसे ते हळूच म्हणाले, "घाबरू नोको. म्या हाव." पण ठेवायचं कुठे? गोठ्यात मांजर, माळ्यावर उंदीर. तेव्हा नजर पत्र्याच्या कोठीवर गेली. पुरुषभर उंच, अर्धी रिकामी, आत थंडगार, आणि वरच्या तोंडातून कोणी डोकावून पाहत नाही. स्टुलावर चढून त्यांनी पिशवी आत गव्हावर ठेवली, झाकण टेकवलं, किंचित फट ठेवली. बादलीचं झाकण होतं तसं लावून टाकलं.

देवकाबाईला सांगावं का? मनात आलं होतं, खोटं कशाला बोला. पण ही सकाळपासून त्या पोरीला 'माय, बाई' करत होती, दोनदा चहा दिला होता, जाताना घरची संत्र्याची बर्फी बांधून दिली होती. फितूर व्हायला वेळ लागतो का! बापूजी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ते काठी घेऊन धुऱ्यावर जाऊन बसले. हे लोक दुसरं जनावर शोधायला आले तर? दुपारपर्यंत कोणी आलं नाही. तीनला जीप आली, ती सरळ घरापुढे.

"आबाजी, रक्त एकदम छान पोचलं! चला, सोडून येऊ त्याला."

"सोडला म्या," बापूजी म्हणाले. "सकाळीच. त्याच दगडाखाली."

खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांना वाटलं होतं, आता ही डोळे वटारेल, बादली तपासेल, वीरेंद्रला धुऱ्यावर पाठवेल. पोरीचा चेहरा जरासा उतरला, एवढंच.

"मला फोटो काढायचा होता जाताना. असो. तुम्ही सोडला म्हणजे बरोबरच सोडला असेल." आणि ती देवकाबाईकडे वळून हसत सांगू लागली, "काल वीरेंद्रनं स्टेशनवर डबा चढवताना कोणाला कळू दिलं नाही. मागे एकदा लोकांना कळलं, तर अर्धा तास डबा उघडून दाखवा म्हणून मागे लागले होते."

बापूजींनी ऐकलं. माल, डबा, कोणाला सांगू नको, सगळ्याचा उलगडा झाला. एखाद्याचं मन तिथंच निवळलं असतं. पण बापूजी मनात म्हणाले, मी न विचारताच कसं सांगतलं हिनं? पाठ करून आली! आणि त्यांनी कोठीकडे मान वळवली नाही. जीप गेली. ती नागपूरकडे वळली का पांढुर्ण्याकडे, ते पाहायला ते फाट्यापर्यंत गेले. पांढुर्ण्याकडे वळली. म्हणजे अजून मुक्काम आहे. अजून दोन दिवस काढू, मग सोडू. जनावराला दोन दिवस उपासानं काही होत नाही, हे त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तेवढं मात्र त्यांनी खरं मानलं.

आणखी दोन दिवसांनी हिमानीनं लॉज सोडल्याची खबर पुंडलिकरावांनी आणली. बापूजींनी स्टूल ओढलं, वर चढले आणि झाकणाला हात घातला. झाकण घट्ट बसलेलं, कडेनं ओल्या मातीचा लेप वाळलेला. त्यांना आठवेना हे केव्हा झालं. त्यांनी नखानं माती खरवडली.

"अवो! काहाले उघडता?" स्वयंपाकघरातून देवकाबाई ओरडत आली. "त्याच्यात गोळ्या हायेत! परवा सकाळी टाकल्या म्या, तुमी वावरात गेल्ते तवा. विषारी वास हाय त्याचा, उतरा खाली!"

बापूजींचा हात झाकणावरच राहिला.

"तुनं... गोळ्या कुठून आनल्या?"

"उर्मिलाजवळून मांगवल्या. तुमाले सांगतलं असतं त तुमी उर्मिलाचं लायसन मागतलं असतं!" ती हसतच म्हणाली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. "काय झालं? अवो, बोला ना. काय झालं?"

"जनावर हाय त्याच्यात," बापूजी म्हणाले.

देवकाबाई ठेंगणी. तिनं हात उंच करून, आत न पाहता, गोळ्यांची पुरचुंडी तोंडातून टाकली होती आणि मातीनं झाकण लिंपलं होतं, दरसाल करते तसं. दारं-खिडक्या उघडून दोघं अंगणात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं, नाकाला पदर आणि उपरणं लावून, त्यांनी पिशवी काढली. लसणासारखा उग्र वास येत होता. पिशवीत जनावर वेटोळं करून पडलं होतं, तोंड पिशवीच्या गाठीकडे.

बापूजी रडले. सरळ सांगतो, बासष्ट वर्षांचा माणूस अंगणात बसून हुंदके देऊन रडला. देवकाबाईनं पेटीतला नवा खण काढला, त्यात जनावर गुंडाळलं, गाडग्यात ठेवलं, आणि दोघांनी ते धुऱ्यावर त्याच दगडाखाली पुरलं. गव्हाची कोठी तिनं सगळी रिकामी केली. त्या गव्हाची पोळी त्या घरात कोणी खाल्ली नाही.

वर्ष गेलं. बापूजींचं काय झालं म्हणाल, तर लोकांना वाटलं माणूस सुधारला. फ्यूज मोटारीतच राहू लागला. भटजींनी अध्याय गाळला का, बापूजींनी पोथीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुंडलिकराव टपरीवर काहीबाही सांगत, बापूजी ऐकून घेत, आणि घरी येऊन देवकाबाईला सगळं जसंच्या तसं सांगत. तिनंही सांगायचं शिकून घेतलं होतं, शेजारून वाटीभर साखर आणली तरी सांगायची. कोठीचं नाव मात्र दोघांपैकी कोणी काढत नव्हतं.

पुढच्या श्रावणात जीप पुन्हा दारात थांबली. हिमानी उतरली ती हसतच, आणि आधी तिनं पिशवीतून एक कागद काढून बापूजींच्या हातात दिला. "घ्या आबाजी. मागच्या वेळी राहिली होती."

आधार कार्डाची झेरॉक्स होती. खाली सहीसुद्धा करून आणली होती.

बापूजी ती हातात धरून उभे राहिले. हिमानी खाटेवर बसून बोलत सुटली होती. जिनोम वाचून झाला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. छापूनही आला. तिनं छापील पानं उघडली, इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून मराठीत वाचलं: "तिगावचे बापूजी कामडे, ज्यांच्या राखणीत हा साप आहे, त्यांचे आम्ही ऋणी आहोत." मग तिचा आवाज जरा उतरला. "धाग्यात एक काळजीची गोष्ट निघाली, आबाजी. याचे आईबाप एकमेकांचे जवळचे नातलग होते. म्हणजे इथं फार थोडे उरलेत, नात्याबाहेर जोडीच मिळत नाही. आम्हाला आजूबाजूला दुसरे शोधायचेत. पण आधी आपला बघू. एक एक जीव मोलाचा आहे. चला ना धुऱ्यावर."

बापूजी गेले. तिच्या मागे मागे, काठी टेकत. पहिला दगड तिनं उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याला तिनं वाकून हात घातला तेव्हा बापूजींना राहवलं नाही. या पोरीनं एकदाही त्यांच्यावर वहम घेतला नव्हता. घेतला असता, भांडली असती, तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

"नोको शोधू, बाई. ते नाही हाय. मेलं ते."

हिमानी दगड तसाच धरून वळली. बापूजींनी सगळं सांगितलं. टपरी, फोन, कोठी, सकाळी सोडल्याचं खोटं, दोन दिवस जास्तीचे. काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"तुम्ही मला एकदा विचारायचं होतं, आबाजी."

"तुमी खरं तेच सांगतलं असतं. म्याच मानलं नसतं."

त्यांनी वाकून चौथा दगड बाजूला केला, गाडगं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. मग छातीच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून स्वतःचं आधार कार्ड काढलं, आणि तिच्या झेरॉक्सवर ठेवून दोन्ही हातांनी पुढे केलं.

"हे घ्या. हा गुन्हा हाय, मालूम हाय मले. वनखात्याले लिव्हून द्या, याच्या हातून मेलं म्हनून."

देवकाबाई केव्हा मागे येऊन उभी राहिली होती ते कोणालाच कळलं नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडली, आपलं कार्ड काढलं आणि बापूजींच्या कार्डावर ठेवलं.

"माह्यंही घे, पोरी. गोळ्या म्या टाकल्या."

"तू चूप राह्य!" बापूजी ओरडले. "तुले काही मालूम नव्हतं!"

"तेच लिव्ह, माय," देवकाबाई हिमानीला म्हणाली. "इले मालूम नव्हतं. नवऱ्यानं सांगतलं नव्हतं."